पायाशी घड्याळ

पाठीचे तीन स्क्रू काढ, आर्विड, बशीत ठेव.
चौथा मागच्या हिवाळ्यात गालिच्यात पडला
तो अजून सापडतोय.
आत नाण्याएवढा सेल आहे. अधिकची खूण वर.
हा आवाजासाठी नाही.
वायर निघाली, वीज गेली,
डबी आठवडाभर व्हॅनमध्ये गोठून पडली,
तरी आतल्या आत वेळ धरून बसायची,
एवढीच त्याची नोकरी.

नऊ व्होल्ट वेगळ्या वायरीनं दे.
डिस्टॉर्शनच्या ताटातलं उष्टं दिलंस
तर आकडे गाण्यात शिरतात
आणि जिथे तू श्वास घेतोस नेमक्या तिथे
रातकिडा बोलतो.

आता डावं बटण दाबून धर. आकडा मिचकावेल.
एक टिचकी, एक तास. उजवं मिनिटांचं.
बोटानं नको. बुटानं कर,
उद्या अंधारात बुटानंच करायचंय
आणि तुझे बूट म्हणजे होड्या.
बघ, गेलास ना दोन तास पुढे.
मागे येता येत नाही. पुन्हा बारा वाजवून यावं लागतं,
पूर्ण फेरी. चीडचीड करू नकोस,
कॉफी गार होतेय तोवर होईल.

एकोणीस वर्षं हे काम मी केलं,
लिंडाल्समध्ये, कोटांच्या खुंट्यांपाशी, हातात टॉर्च घेऊन.
दहा मिनिटं राहिली: एकदा.
पाच: दोनदा.
शेवटचं गाणं: एक लांब, दोन आखूड,
पुलाखालून जाताना खनिजाची जहाजं
भोंगा देतात ना, तसं.
रॉल्फ अकराला मेन स्विचवर हात ठेवून उभा.
तुम्हाला वाटायचं, आपण कसे बरोबर वेळेत संपवतो.
वाटू दे म्हटलं.

आता गुडघे म्हणतात बस.
म्हणून ही डबी. टायमर पंचेचाळीसवर ठेवलाय,
दोन्ही बटणं एकदम दाबलीस की उलटा धावेल.
शेवटची पाच मिनिटं लाल.
लाल दिसलं की बोलणं बंद,
त्या सुपिरियर सरोवरातल्या माशाचा किस्सा बंद,
सरळ गाणं.

देखभाल फार नाही.
बिअर सांडली तर आधी वायर काढ, मग शिव्या दे.
बटण खरखरलं तर स्पिरिटचा एक थेंब, जास्त नाही.
मार्चमध्ये सगळं डुलुथ तासभर पुढे जातं,
तिला ते कोणी सांगत नाही, तू सांग.
महिन्याला वीसेक सेकंद मागे पडते.
मीही पडायचे.

खरं सांगू? मुद्दाम पडायचे.
व्हाइनोच्या आईला पुरून आलात त्या रात्री
त्याचा सोलो संपेचना,
आणि मी टॉर्च कोटाच्या खिशात घातला.
रॉल्फकडे पाहिलं. रॉल्फनं छताकडे पाहिलं.
सात मिनिटं. कोणीच मोजली नाहीत,
मी सोडून.

ही डबी तसं करणार नाही.
हिला पुरून आलेली माणसं दिसत नाहीत.
म्हणून घड्याळ मी चार मिनिटं पुढे लावलंय.
आता तू बुटानं गोंधळ घातलास
तर परत लावावं लागेल, दे इकडे.
बाकीच्यांना सांगायचं नाही.
व्हाइनोला तर मुळीच नाही,
तो चारची आठ करेल.

झाकण लाव. चौथ्या भोकाला टेप.
शनिवारी मी येणार आहे, पुढच्या टेबलाशी,
खुर्चीत बसून, गिऱ्हाईक म्हणून.
माझ्याकडे बघायचं नाही.
खाली बघायचं.